भावनिक बुद्धिमत्ता ओळखावी कशी: घरात, मोंढ्यात आणि पाण्याच्या रांगेत

गावात भांडण मिटवायला ज्यांना बोलावले जाते ती माणसे बहुतेक वेळा गावातली सर्वांत शिकलेली नसतात आणि सर्वांत श्रीमंतही नसतात. मयतीच्या घरी गेल्यावर किती वेळ गप्प बसायचे, वाटणीच्या बैठकीत आधी थोरल्याला बोलू द्यायचे की धाकट्याला, मानपानावरून रुसलेल्या मामाला मांडवात परत आणायला कोणाला पाठवायचे, हे त्यांना कळते आणि त्यांच्या शब्दाला मान मिळतो तो या कळण्यामुळेच. मानसशास्त्राने या क्षमतेचा पद्धतशीर अभ्यास तसा अलीकडे सुरू केला. १९९० मध्ये पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी भावनिक बुद्धिमत्ता ही संकल्पना शोधनिबंधातून मांडली, १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळे ती सामान्य वाचकांपर्यंत पोचली, आणि १९९७ मध्ये सॅलोवे व मेयर यांनी तिचे चार भाग स्पष्ट केले: स्वतःच्या आणि इतरांच्या भावना ओळखणे, त्या भावनांचा विचार करण्यासाठी उपयोग करून घेणे, भावना कशातून उपजतात आणि कशात बदलतात हे समजणे, आणि त्या सांभाळणे.

ज्यांनी हा शब्द फक्त ऐकला आहे, पण तो गुण प्रत्यक्षात दिसतो कसा हे ज्यांना शिकायचे आहे, अशा वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट ठामपणे सांगतो. एखाद्याला राग येतो की नाही, रडू येते की नाही, यावरून त्याच्या भावनिक बुद्धिमत्तेविषयी काहीही ठरत नाही. भावना आल्यानंतरच्या घटकाभरात, दिवसभरात आणि कधी कधी महिनाभरात तो माणूस काय करतो, यावरून ती ओळखू येते. म्हणून निरीक्षण करायचे ते भावनेच्या क्षणाचे कमी आणि त्यानंतरच्या वेळेचे अधिक. त्यासाठी एक साधी वही आणि रोजची दहा मिनिटे पुरतात.

पहिली पायरी: स्वतःच्या शरीराकडे लक्ष द्यावे

इतरांना ओळखायला निघण्यापूर्वी पंधरा दिवस फक्त स्वतःकडे पाहावे. आपल्याला राग आला आहे हे आपल्याला कळते तोवर अनेकदा आवाज चढलेला असतो, मुठी आवळलेल्या असतात किंवा घास गिळवत नसतो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात एकूण ४९ भाव सांगितले आहेत: ८ स्थायी म्हणजे टिकून राहणारे, ३३ व्यभिचारी म्हणजे येऊन जाणारे, आणि ८ सात्त्विक. यांतले सात्त्विक भाव शरीरावर आपोआप उमटतात. जागीच थिजणे, घाम फुटणे, अंगावर काटा येणे, आवाज फुटणे किंवा दाटणे, थरथर, चेहऱ्याचा रंग उतरणे, डोळ्यांत पाणी येणे आणि शुद्ध हरपणे, अशी ती आठ लक्षणे आहेत. नटांसाठी केलेली ही यादी नवशिक्यालाही फार उपयोगी पडते, कारण ती ‘तुम्हाला काय वाटते’ असा अवघड प्रश्न न विचारता ‘तुमच्या अंगाला काय होते’ असा सोपा प्रश्न विचारते.

वहीत चार रकाने आखावेत. पहिल्यात काय घडले, दुसऱ्यात शरीरात काय जाणवले, तिसऱ्यात आपण काय बोललो किंवा केले, हे रात्री झोपण्यापूर्वी लिहावे. चौथा रकाना रिकामा ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी भरावा आणि त्यात ती भावना मुळात कुठून आली होती ते लिहावे. हा चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे.

उदाहरणार्थ, एक शेतकरी सोयाबीनचे कट्टे घेऊन मोंढ्यात जातो, मॉइश्चर जास्त आहे म्हणून आडत्या भाव पाडतो, आणि परत न्यायचे भाडे परवडत नाही म्हणून तो माल तिथेच घालून येतो. संध्याकाळी घरी आल्यावर मुलाची चप्पल दारात आडवी पडलेली दिसते आणि तो त्याच्यावर ओरडतो. रात्री वहीत ‘मुलगा बेशिस्त वागला, राग आला’ असे लिहिले जाईल. सकाळी चौथा रकाना भरताना मात्र त्याच्या लक्षात येईल की राग मोंढ्यात आला होता, तिथे तो बोलून दाखवता आला नाही, कारण पुढच्या खेपेला त्याच आडत्याकडे जायचे आहे, आणि ज्याच्यावर काढणे सोपे होते त्याच्यावर तो निघाला. राग कुठे उपजला आणि कुठे निघाला, या दोन ठिकाणांतले अंतर ज्याला दिसू लागले त्याची पहिली पायरी पूर्ण झाली असे समजावे. पंधरा दिवसांत ते दिसले नाही तर आणखी पंधरा दिवस घ्यावेत, परंतु पुढे जाण्याची घाई करू नये.

दुसरी पायरी: भावनेला नेमके नाव द्यावे

‘टेन्शन आहे’ या दोन शब्दांत आपण हल्ली सगळेच कोंबतो. मुलीच्या फीचे पैसे जमले नाहीत त्याचे टेन्शन, भावाने फोन उचलला नाही त्याचे टेन्शन आणि उद्या तहसीलमध्ये जायचे आहे त्याचेही टेन्शन. या तिन्ही ठिकाणी भावना वेगळी आहे आणि म्हणून उपायही वेगळा आहे. पहिली काळजी आहे आणि तिच्यावर हिशेब मांडून बसणे हा उपाय आहे. दुसऱ्या ठिकाणी दुखावलेपण आहे आणि त्यावर हिशेब मांडून काही होत नाही, तिथे भावाशी बोलावे लागते. तिसऱ्या ठिकाणी धास्ती आहे आणि सोबत कोणी येणार असेल तर ती निम्मी होते.

मराठीत यासाठी शब्दांची वाण नाही. रागाच्याच घरात चीड, वैताग, संताप, त्रागा, धुसफूस आणि रुसवा आहेत. दुःखाच्या घरात हिरमोड, खंत, हुरहूर, उद्वेग आणि कुढणे आहे. लाजेच्या घरात ओशाळणे, खजील होणे, कानकोंडे होणे आणि अपमान वाटणे आहे. वहीच्या दुसऱ्या आठवड्यापासून ‘टेन्शन’, ‘मूड’ आणि ‘बोअर’ हे तीन शब्द वापरायचे नाहीत असा नियम करावा आणि त्याऐवजी जो नेमका शब्द सापडेल तो लिहावा. बोलीतला शब्द असेल तर तोच लिहावा. ‘जीवाला घोर लागलाय’ असे लिहिणाऱ्या आजीने आपली भावना कोणत्याही पदवीधरापेक्षा नेमकी टिपलेली असते.

नाव दिल्याने खरोखरच काही घडते, याला मेंदूच्या अभ्यासातूनही आधार मिळाला आहे. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, रागावलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रे पाहताना त्या भावनेला शब्दांत नाव दिले असता मेंदूतील अमिग्डला या धोका टिपणाऱ्या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. याचा अर्थ नाव देताच दुःख संपते असा नाही. विचाराला थोडी जागा मिळते, इतकेच, आणि तेवढी जागाही बरीच असते.

तिसरी पायरी: दुसऱ्याची भावना ओळखावी, पण ठरवून टाकू नये

इथे नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक होते. चेहरा पाहिला की मन कळते असे आपण समजतो. परंतु एकच भावना वेगवेगळ्या माणसांच्या आणि एकाच माणसाच्या वेगवेगळ्या प्रसंगांतील चेहऱ्यांवर निरनिराळी दिसते. रागावलेला प्रत्येक माणूस कपाळाला आठ्या घालत नाही आणि आठ्या घातलेला प्रत्येक माणूस रागावलेला नसतो. तो उन्हातून आलेला असेल, त्याचे डोके दुखत असेल किंवा पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या आवाजात त्याला आपले बोलणे नीट ऐकू येत नसेल.

म्हणून चेहऱ्याऐवजी बदलाकडे पाहावे. त्या माणसाची नेहमीची रीत काय आहे आणि आज तिच्यात काय वेगळे आहे, असा प्रश्न स्वतःला विचारावा. रोज गडबड करणारी शेजारीण आज पाण्याची घागर घेऊन मुकाट्याने निघून गेली, नेहमी चहासाठी थांबणारे पाहुणे आज ‘गाडी चुकेल’ म्हणाले, एरवी जेवताना बडबडणारे लेकरू आज ताटातल्या भाकरीचे तुकडे करत बसले, अशा ठिकाणी थांबावे. बदल दिसला की त्याचा अर्थ लावण्याआधी विचारावे, आणि विचारताना समोरच्याला उत्तर न देण्याचीही मोकळीक राहील असे विचारावे.

लातूरला शिकवणीसाठी मुलांना ठेवणाऱ्या घरांत हा प्रसंग रोज घडतो. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांतून आणि बाहेरूनही मुले तिथे येतात, खोली करून किंवा वसतिगृहात राहतात, आणि रविवारच्या चाचणीनंतर घरून फोन येतो. एका घरातला फोन असा असतो:

“कसा गेला पेपर?”
“बरा गेला.”
“बरा म्हणजे? किती पडतील?”
“माहीत नाही, पप्पा.”
“माहीत नाही म्हणजे काय? एवढे पैसे कशाला भरायलोत मग?”

दुसऱ्या घरातला फोन असा असतो:

“जेवलास का?”
“हं.”
“आवाज बारीक यायलाय तुझा.”
“काही नाही, पप्पा.”
“बरं. मार्कांचं आज नको सांगूस. मायला देऊ का फोन? उद्या रात्री मी करतो, तवा वाटलं तर बोल.”

दोन्ही वडिलांना काळजी सारखीच आहे, पैशांची ओढाताणही सारखीच आहे. दुसऱ्या वडिलांनी आवाजातला बदल टिपला, तो मुलाला सांगितला, मुलाने नाकारला तेव्हा त्याला खोटे पाडले नाही, आणि उद्याची वेळ बांधून दिली. या चार कृतींत भावनिक बुद्धिमत्तेचा मोठा भाग सामावलेला आहे. विशेषतः शेवटची कृती ध्यानात घ्यावी, कारण ‘नंतर बोलू’ असे अनेक जण म्हणतात, पण दुसऱ्या दिवशी फोन करणारे थोडे असतात.

चौथी पायरी: भावनेचा मागचा आणि पुढचा रस्ता शोधावा

भावना एकटी येत नाही. जुलैत पावसाने ओढ दिली की आधी काळजी येते, पेरलेले उगवून सुकू लागले की दुबार पेरणीच्या खर्चाची धास्ती येते, ती आठवडाभर टिकली की चिडचिड होते, आणि मग धुऱ्यावरून शेजाऱ्याशी जुनेच भांडण नव्याने उकरले जाते. ज्याला ही साखळी दिसते तो पावसाच्या खंडात धुऱ्याच्या मोजणीचा विषय काढत नाही. तो दिवाळीनंतर, रब्बीची पेरणी झाली की काढतो. याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण योग्य वेळ निवडणे हा भावना समजल्याचा सर्वांत ठोस पुरावा आहे.

मागचा रस्ता कधी फार लांबचा असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपातून वाचलेल्या एखाद्या वयस्क माणसाने रात्री भांडी वाजल्याबरोबर घराबाहेर धाव घेतली, तर आजच्या आवाजाच्या मानाने ती धास्ती मोठी वाटेल, पण त्या पहाटेच्या मानाने ती मोठी नाही. समोरची प्रतिक्रिया कारणापेक्षा मोठी दिसली की ‘याला काय झाले एवढे’ असे म्हणण्याऐवजी, हिच्यामागे जुने काय असेल, असा विचार करण्याची सवय लावून घ्यावी.

याच पायरीवर भावनांचा विचारासाठी उपयोग करून घेण्याचा भाग थोडक्यात सांगतो. साधारणपणे मन प्रसन्न असताना नव्या कल्पना सुचतात आणि मन किंचित साशंक असताना बारीकसारीक चुका दिसतात. त्यामुळे मुलीच्या लग्नाचा बेत आनंदात आखावा, पण पीक विम्याचा अर्ज, कर्जाची कागदपत्रे आणि वाटणीपत्र साशंक मनाने वाचावे. रागाच्या भरात यांतल्या कशावरही सही करू नये.

पाचवी पायरी: चार प्रसंगांत माणूस पाहावा

आता इतरांमधली भावनिक बुद्धिमत्ता ओळखण्याकडे येऊ. सुखात सगळेच समंजस दिसतात. म्हणून चार प्रसंग निवडावेत: त्या माणसाला नकार मिळतो तेव्हा, त्याची चूक उघड होते तेव्हा, त्याच्या बरोबरीच्या माणसाचे चांगले होते तेव्हा, आणि त्याच्यापेक्षा दुबळ्या माणसावर त्याची सत्ता असते तेव्हा.

तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. संतमंडळी त्यांच्या घरी जमली असता, मडके पक्के की कच्चे हे पाहण्याच्या थापटण्याने गोरोबाकाकांनी एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. बाकीचे शांत राहिले, नामदेवांना मात्र अपमान वाटला, आणि मडके कच्चे ठरले. कथा सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. माझ्या मते ओळखण्याची खरी खूण पुढे आहे. दुखावलेले नामदेव रुसून बसून राहिले नाहीत. आपल्याबद्दल काय म्हटले गेले त्याचा त्यांनी विचार केला आणि औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे जाऊन त्यांना गुरू केले. मानले गेलेले कच्चेपण त्यांनी स्वतः तपासायला घेतले. राग आला, अपमान वाटला, आणि तरीही त्या बोलण्यातले खरे होते ते उचलले, असे ज्याच्या बाबतीत दिसते तो माणूस पहिल्या थापेला शांत राहिलेल्या माणसापेक्षा कमी ठरत नाही. एकाच प्रसंगावरून कोणाला कच्चा म्हणू नये, असाही धडा नवशिक्याने यातून घ्यावा.

चूक उघड झाल्यावरची माफी कशी असते तेही पाहावे. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ या वाक्यात चूक समोरच्याच्या वाटण्यावर ढकलली जाते. ‘काल मी सगळ्यांसमोर बोललो, ते एकट्याजवळ बोलायला पाहिजे होतं’ या वाक्यात काय चुकले ते नेमके सांगितलेले असते. दुसऱ्या प्रकारची माफी मागणारा माणूस पुढच्या वेळी खरोखर बाजूला घेऊन बोलला, तर ती खूण पक्की समजावी.

बरोबरीच्या माणसाच्या यशाचा प्रसंग चटकन ओळखता येतो. शेजाऱ्याच्या मुलाची भरती झाली, जावेच्या माहेरच्यांनी घर बांधले, अशा वेळी थोडा हेवा वाटणे माणसाला स्वाभाविक आहे. तो वाटूनही पेढा घेऊन कौतुकाचे दोन शब्द बोलणारा आणि घरी येऊन ‘मला जरा हेवाच वाटला’ असे आपल्या माणसाजवळ म्हणू शकणारा माणूस भावनांशी प्रामाणिक असतो.

सत्तेचा प्रसंग मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे. बचत गटाची मासिक बैठक घ्यावी. एका बाईचा हप्ता सलग दुसऱ्या महिन्यात आला नाही. एक अध्यक्ष सर्वांसमोर विचारते, ‘काय गं, घ्यायच्या वेळी बरी आठवण राहते?’ दुसरी अध्यक्ष दयेपोटी विषयच काढत नाही, आणि त्यामुळे नियमाने हप्ते भरणाऱ्या इतर जणी आतून धुमसत राहतात. तिसरी अध्यक्ष बैठकीआधी त्या बाईच्या घरी जाऊन म्हणते, ‘वहिनी, हप्त्याचं विचारायला आले. काही अडचण हाय का?’ नवरा आजारी असल्याचे कळल्यावर ती म्हणते, ‘बैठकीत तुमच्या घरचं काही सांगणार नाही. पण हप्ता माफ व्हायचा नाही, तो तुम्ही दोन महिन्यांत अर्धा अर्धा द्या, एवढंच मी मांडते.’ या तिसरीने बाईची लाज राखली, गटाचा नियम राखला आणि इतर जणींच्या मनातल्या संभाव्य संतापाचाही आधीच विचार केला. भावनिक बुद्धिमत्तेत असा ठामपणा असतो हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही, आणि म्हणून ते नुसत्या मऊपणालाच ती समजतात.

सार्वजनिक ठिकाणी निरीक्षण करायचे असेल तर उन्हाळ्यातली टँकरची रांग पाहावी. मराठवाड्याने पाण्याची टंचाई फार सोसली आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. रांगेत भांडण पेटते तेव्हा आवाज वाढवणारे अनेक असतात. त्यांच्यात अशी एखादी बाई शोधावी जी कोणाची चूक ते न ठरवता ‘आधी घागरी ओळीनं लावा, मग बोलू’ असे म्हणते, आणि लेकुरवाळीची घागर पुढे सरकवताना ज्यांच्या पुढे ती सरकवली त्यांना आधी विचारते. लहान हालचाल आहे, पण तिच्यात सुरुवातीला सांगितलेले भावनिक बुद्धिमत्तेचे चारही भाग आहेत.

सहावी पायरी: फसवी रूपे ओळखावीत

पहिले फसवे रूप म्हणजे मौन. पैठणच्या एकनाथ महाराजांची कथा अशी सांगतात की गोदावरीवर स्नान करून येताना एक जण त्यांच्या अंगावर पुन्हा पुन्हा थुंकला आणि ते प्रत्येक वेळी न रागावता परत स्नानाला गेले. ही कथा थोर आहे, पण घरात ती बहुधा सुनेला सांगितली जाते आणि सासूला किंवा नवऱ्याला सांगितली जात नाही, याचे मला फार वाईट वाटते. नाथांचे शांत राहणे हा त्यांनी स्वतः निवडलेला मार्ग होता. बोलण्याची सोयच नाही म्हणून गप्प राहणे ही वेगळी गोष्ट आहे. जेम्स ग्रॉस यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत असे दिसले आहे की भावना चेहऱ्यावर येऊ न देता दाबली तर आतला त्रास कमी होत नाही, उलट शरीरावरचा ताण वाढतो. दोन्ही मौने ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. भावना सांभाळणाऱ्या माणसाला नंतर त्या प्रसंगाविषयी शांतपणे बोलता येते. भावना दाबणाऱ्याला बोलता येत नाही, त्याचा विषयच बदलतो किंवा महिन्यांनी भलत्याच कारणावरून स्फोट होतो.

दुसरे रूप म्हणजे गोड बोलणे. निवडणूक जवळ आली की मयतीच्या घरी येणाऱ्यांची संख्या वाढते. त्यांतले कोण तेराव्यानंतर पुन्हा येते ते पाहावे.

तिसरे रूप सर्वांत धोक्याचे आहे, कारण त्यात भावना ओळखण्याची क्षमता खरी असते. बीड, धाराशिव, जालना या जिल्ह्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरून मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, त्यांना उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो. एखाद्या मुकादमाला कोणत्या घरात लग्न ठरले आहे, कोणाची आई आजारी आहे, कोणाला चारचौघांत नाही म्हणता येत नाही, हे अचूक कळते आणि तो नेमक्या त्या दिवशी पैसे घेऊन दारात उभा राहतो. त्याने समोरच्याची भावना ओळखली यात शंका नाही, परंतु त्या ओळखीचा उपयोग माणसाला बांधून घालण्यासाठी केला. दुसरा मुकादम तेच ओळखून ‘एवढी उचल नको घेऊस, एका हंगामात फिटायची नाही’ असे सांगतो. कौशल्य दोघांकडे आहे, हेतू निराळे आहेत. म्हणून एखाद्याला आपल्या मनातले चटकन कळते म्हणून लगेच भारावून जाऊ नये. त्या कळण्याचा फायदा शेवटी कोणाला होतो, हे पाहावे.

सातवी पायरी: गुणपत्रिकेच्या मागे लागू नये

मोबाइलवर दहा प्रश्नांत भावनिक बुद्धिमत्तेचे गुण सांगणाऱ्या चाचण्या मिळतात. त्यांत बहुधा ‘मी इतरांच्या भावना समजून घेतो’ अशा वाक्यांना आपणच आपल्याला गुण द्यायचे असतात. माणूस स्वतःला जे गुण देतो ते आणि भावना ओळखण्याच्या प्रत्यक्ष कसोटीत त्याला पडणारे गुण यांचा मेळ फार कमी बसतो, असे संशोधनात दिसले आहे. गंमत म्हणून चाचणी जरूर द्यावी, मात्र लग्न जुळवताना किंवा नोकरीवर माणूस घेताना तिच्यावर विसंबू नये.

ओळखताना न्याय कसा करावा

भूक, कर्ज, अपुरी झोप आणि दुखणे यांनी कोणाचाही संयम कमी होतो. पहाटे उठून फडात गेलेली, दिवसभर मोळ्या वाहिलेली आणि रात्री खोपीत तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापणारी बाई लेकरावर खेकसली, म्हणून तिला समज नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. तिच्या जागी पंख्याखाली बसलेल्या माणसाचा संयम किती टिकला असता, हे आधी स्वतःला विचारावे. माणसाची पारख त्याच्या परिस्थितीच्या ओझ्यासह करावी.

काही वेळा जे दिसते ते स्वभावाचे किंवा समजुतीचे नसतेच, ते आजाराचे असते. सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप उडणे, जेवण सुटणे, कशातच मन न लागणे, माणसांत न मिसळणे, आपण सर्वांना ओझे झालो आहोत असे बोलणे किंवा अचानक देण्याघेण्याचे हिशेब मिटवायला घेणे, यांतले काही दिसले तर समजूत घालत बसू नये. मरणाचे बोलणे निघाले तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि घरातले कीटकनाशक त्याच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना कळवावे, जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात घेऊन जावे, किंवा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.

शेवटची पायरी: एका माणसाला विचारावे

महिनाभराची वही भरली की ती सलग वाचून काढावी. त्यात दोन गोष्टी शोधाव्यात: कोणती भावना पुन्हा पुन्हा येते, आणि ती नेहमी कोणावर निघते. त्यानंतर घरातल्या किंवा शेजारातल्या अशा एका माणसाला निवडावे, जो आपल्यावर अवलंबून नाही आणि आपल्याला घाबरत नाही. थोरली बहीण, जुना वर्गमित्र, आत्या किंवा मळ्यातला शेजारी चालेल. आपल्याकडे कामाला असलेला गडी किंवा नुकतीच आलेली सून यांना हा प्रश्न विचारू नये, कारण त्यांना खरे बोलण्याची मोकळीक नसते. त्या माणसाला एवढेच विचारावे: ‘मी चिडलो की तुम्हाला ते माझ्याआधी कशावरून कळतं, आणि त्यानंतर मी काय केलेलं तुम्हाला आवडत नाही?’ तो बोलत असताना मध्ये खुलासा करू नये, ‘पण त्या दिवशी तूच’ असे म्हणू नये. ऐकताना अंग तापले, घसा दाटला तर तेही टिपून ठेवावे. घरी येऊन उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून काढावे, त्यातली एकच गोष्ट निवडावी आणि पुढच्या महिन्यात वहीचा तिसरा रकाना भरताना ती घडली की टळली, एवढेच रोज नोंदवावे.